धुतलेली पोती

एफ्राइम टार्व्हर हा मोठा माणूस नव्हता. त्याच्या नावाची टेकडी नाही, ओढा नाही, की गाव नाही. टेक्सासातून उत्तरेच्या गवताळ मुलखाकडे गुरांचे कळप हाकत नेण्याच्या त्या काळात जी माणसे खोगिरावर बसून झिजली, त्यांतलाच तो एक. मात्र एफ्राइमने आपली शेवटची उमेदीची वर्षे खोगिरावर नव्हे, तर वासरांच्या गाडीवर काढली, आणि ती गाडी त्याने स्वतः मागून घेतली होती. ती त्याने का मागितली, आणि एकदा ती त्याच्या हातून जाता जाता कशी राहिली, हे सांगितले म्हणजे त्याच्याविषयी सांगण्यासारखे बहुतेक सांगून होते.

कळपात गायी असल्या की त्या वाटेत व्यायच्याच. जन्मून एकच रात्र झालेले वासरू चार पावले टाकते आणि बसते. कळपाला तर दिवसाचे अंतर तोडायचे असते. म्हणून पहाटे मुक्काम हलला की एका माणसाने बंदूक घेऊन मागे राहायचे, अशी रीत होती. एका वर्षी ते काम एफ्राइमकडे आले. घोडा अंगावर पडून त्याची कंबर अधू झाली होती, त्यामुळे दिवसभर दौड मारणे त्याला जमत नव्हते. आणि त्याचा हात स्थिर होता. संपूर्ण वाटभर त्याने ते काम केले. गोळी घालण्यापूर्वी तो वासराच्या डोळ्यांवर तळहात ठेवीत असे. त्याला कोणी निर्दय म्हटले नाही आणि कोणी दयाळूही म्हटले नाही. ते काम होते.

प्रवास संपला त्या दिवशी तो तांड्याचा मुकादम हायरम डॅबनी याच्याकडे गेला आणि त्याने बंदूक त्याच्यापुढे ठेवली.

“मुकादम, ही घ्या.”

“का? बिघडली?”

“बंदूक ठीक आहे. मी बिघडलोय.”

हायरम डॅबनी हा वाईट माणूस नव्हता. तो घाईतला माणूस होता. त्याने टोपी मागे सारली आणि कपाळ खाजवले.

“मग वासरांचं काय करू म्हणतोस? खांद्यावर घेऊन नाचू?”

“गाडीत घ्या. मी हाकतो.”

“आणि संध्याकाळी? गाडीत सगळी एकमेकांच्या अंगावर लोळणार, वासात वास मिसळणार. आई हुंगणार आणि लाथ घालणार. हे मी तुला सांगू का?”

“पोत्यात घालू, मुकादम. गळ्यापर्यंत. ज्याचं त्याचं पोतं, रोज तेच.”

गाय आपले वासरू डोळ्यांनी ओळखत नाही, नाकाने ओळखते. एफ्राइमची सारी युक्ती एवढ्याच ज्ञानावर उभी होती आणि ते ज्ञान तांड्यातील प्रत्येकाला होते. पोत्यांचा त्रास घ्यायची तयारी मात्र त्याच्याखेरीज कोणाची नव्हती. त्याला अक्षरओळख नव्हती. म्हणून एका पोत्याला त्याने पीस बांधले, एकाला हाडाचा तुकडा, एकाला लाल चिंधीची गाठ. संध्याकाळी पोत्यांची तोंडे सुटत, वासरे धडपडत बाहेर पडत, गायी हंबरत येत, हुंगत आणि पान्हा सोडत. गाडीच्या आजूबाजूला तेव्हा इतका गलका होई की शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नसे.

मुकादमाने मान्यता दिली, परंतु एक अट घातली.

“ज्या दिवशी गायी मागं पळायला लागतील, त्या दिवशी गाडी बंद. बंदूक तुझ्याच बैठकीखाली ठेवतोय. आहे हे विसरू नकोस.”

वासरू गमावलेली गाय जिथे त्याला शेवटचे पाजले त्या जागी परत जाते. तिला अडवायला घोडेस्वार लागतात, घोडे दमतात, कळप खोळंबतो. मुकादमाची अट अन्यायाची नव्हती. म्हणूनच एफ्राइमला तिचे भय वाटे.

तांड्यातील माणसे त्याची थट्टा करीत. वायली स्टॉक्स नावाचा एक लांबटांग्या घोडेस्वार होता. दोर फेकण्यात त्याच्या तोडीचा कोणी नव्हता आणि जीभ आवरण्यात त्याच्याइतका कच्चाही कोणी नव्हता. रोज सकाळी तो गाडीपाशी घोडा थांबवून टोपी काढी.

“काय सुईणबाई, रात्री कोणाची सुटका झाली?”

“तुझ्या अकलेची,” एफ्राइम पोत्याची गाठ मारता मारता म्हणे. “जन्मली आणि लगेच पळून गेली. तुला भेटली नाही का?”

आचारी सिप्रियानो याची तक्रार निराळी होती. तो रिओ ग्रान्दे नदीच्या काठचा, स्वच्छतेचा भोक्ता. त्याची स्वयंपाकाची गाडी पुढे आणि वासरांची गाडी तिच्या मागे असे. वारा मागून असला की त्या पोत्यांची दुर्गंधी थेट त्याच्या पिठात येई.

“म्हाताऱ्या,” तो घेवड्याच्या पातेल्यावर झाकण आपटीत म्हणे, “तुझी पोती मेलेल्या माणसाला उठवतील. एक दिवस मी ती जाळणार आहे, बघ.”

तरीही एफ्राइमसाठी कॉफीचा शेवटचा, दाट पेला तोच बाजूला काढून ठेवी. दोघांनाही झोप कमी, दोघांचीही हाडे दुखरी. त्यामुळे त्यांची मैत्री भांडणातूनच चाले.

ज्या वर्षाची ही हकीकत आहे, त्या वर्षी कळपात एक मोडशिंगी गाय होती. झुंजीत तिचे डावे शिंग मुळाशी तुटलेले आणि स्वभाव उजव्या शिंगासारखाच टोकदार. तिला झालेली कालवड दिवस भरण्याआधीच जन्मली होती; ती इतकी लहान आणि गारठलेली होती की पोत्यात तिची ऊब टिकेना. म्हणून एफ्राइम तिला स्वतःच्या कोटाच्या आत छातीशी धरून गाडी हाकीत असे. संध्याकाळी तो तिला खाली ठेवी, मोडशिंगी येऊन हुंगे, एफ्राइमच्या घामाचा वास तिला आपल्या लेकराचाच वास वाटे, आणि ती मुकाट्याने पाजी. त्या गायीजवळ पायी जाण्याची हिंमत दुसऱ्या कोणाची नव्हती.

पुढे नदी आडवी आली. डोंगरातले बर्फ वितळून तिला पाणी चढले होते. कळप पोहत गेला. वासरांना मात्र हातोहात पलीकडे न्यावे लागले. एफ्राइम छातीभर पाण्यात सकाळपासून उभा राहिला. पलीकडे पोहोचल्यावर त्याची कंबर अशी धरली की त्याला दोघांनी उचलून अंथरुणावर ठेवले.

मुकादमाने कळपाला एक दिवस विश्रांती दिली. वासरे दिवसभर आपापल्या आयांजवळ राहिली, आणि एफ्राइम कमरेला शेकलेला दगड लावून झोपून राहिला. त्या दिवशी सिप्रियानोने काय केले हे त्याला दुसऱ्या दिवशी पहाटे कळले.

तो काठी टेकत गाडीपाशी आला तेव्हा बैल जुंपलेले होते. वासरे पोत्यांत बसलेली होती. मोडशिंगीची कालवडही कोणीतरी घोड्यावरून दोर टाकून आणली होती आणि एका पोत्यात गुंडाळली होती. बैठकीवर त्याचा कोट घडी घालून ठेवलेला, कोरडा. आणि कित्येक महिने बटण नसलेल्या जागी एक नवे, शिंगाचे बटण शिवलेले. सिप्रियानो बाजूला हात पुसत उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर सणाच्या दिवसाचे समाधान होते.

एफ्राइमने कोट अंगात घातला. त्याला साबणाचा वास आला. त्याने वाकून एक पोते हुंगले. मग दुसरे हुंगले.

“आचारी,” तो म्हणाला, “पोती…”

“धुतली! सगळी. मोठ्या कढईत राख घालून एकत्र उकळली, वर साबण चोळला. तुझ्या खुणा जशाच्या तशा ठेवल्यात, पीस बीस सगळं. आता तुझी लेकरं गव्हर्नरच्या बग्गीत बसल्यासारखी बसलीत. आभार नंतर मान, आधी कॉफी घे.”

“आणि कोट?”

“कोट तर आधी धुतला. त्यात काय काय होतं ते मला सांगू नकोस. मी विसरायचा प्रयत्न करतोय.”

एफ्राइमने त्याच्याकडे पाहिले. सिप्रियानोचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते, राखेच्या पाण्याने बोटांची कातडी फुटली होती. विसाव्याचा एकुलता एक दिवस या माणसाने उकळत्या कढईवर वाकून घालवला होता. कळप तर चालू लागला होता, आणि जे व्हायचे ते पोत्यांत होऊन गेले होते.

“बटण चांगलं लावलंस,” एफ्राइम म्हणाला आणि गाडीवर चढला.

त्या संध्याकाळी पोत्यांची तोंडे सुटली, वासरे आयांकडे धावली आणि गायींनी त्यांना हुंगले. सगळ्याच वासरांना एकच वास होता: राखेचा, साबणाचा आणि एकमेकांचा. गायी बिचकल्या. एकीने लाथ मारली, दुसरीने शिंगाने दूर लोटले. उपाशी वासरे एका कासेकडून दुसऱ्या कासेकडे ढुशा देत फिरू लागली आणि सगळीकडून मार खाऊ लागली. मग एक गाय मान वर करून दक्षिणेकडे, नदीच्या दिशेने हंबरली आणि चालू लागली. तिच्या मागून दुसरी निघाली.

“गायी फिरल्या!” वायली ओरडला आणि त्याने घोडा वळवला.

हायरम डॅबनी आला तेव्हा एफ्राइम दोन वासरांच्या गळ्यांत हात घालून उभा होता.

“काय झालं?”

“वास गेला, मुकादम.”

“कसा गेला?”

एफ्राइमने स्वयंपाकाच्या गाडीकडे पाहिले नाही. “धुण्यात गेला. चूक माझी. मी झोपलो होतो.”

मुकादम घोड्यावरून उतरला. त्याने बैठकीखाली हात घातला, बंदूक बाहेर काढली आणि बैठकीवर आडवी ठेवली. हे करताना त्याला आनंद होत नव्हता, हे कोणालाही दिसले असते.

“उजाडेपर्यंत बघ. उजाडल्यावर जी आईजवळ नसतील, ती… तुला ठाऊक आहे. गाडी इथंच सोडायची.”

“आणि ते काम कोण करील?”

“तुझ्याइतका स्थिर हात कोणाचा आहे?”

तो गेला. सिप्रियानो हातातली पळी तशीच घेऊन जवळ आला होता. त्याने सर्व ऐकले होते.

“माझ्यामुळं,” तो म्हणाला.

“साबणामुळं.”

“म्हाताऱ्या, मला शिव्या दे. तू शिव्या दिल्या नाहीस तर मला बरं वाटणार नाही.”

“नंतर देतो, फुरसतीनं. आधी मीठ आण.”

सिप्रियानो आपल्या मिठाला कोणाचे बोट लागू देत नसे. त्या संध्याकाळी त्याने मिठाची पिशवीच उचलून आणली. एफ्राइमच्या मनातील उपाय जुना होता: आईच्या स्वतःच्या दुधाने वासराला माखायचे, वर मीठ भुरभुरायचे. मिठासाठी ती चाटू लागते, चाटता चाटता स्वतःचा वास तिला लागतो, आणि मग आतून माया सुटते. परंतु रानटी गुरांचे दूध काढणे म्हणजे एकाने शिंगांत दोर टाकायचा, दुसऱ्याने मागच्या पायांत, आणि तिसऱ्याने जीव मुठीत धरून खाली बसायचे. त्यासाठी घोडेस्वार हवे होते, आणि घोडेस्वार पळालेल्या गायी वळवून नुकतेच परतले होते. त्यांना जेवणही मिळाले नव्हते.

वायलीने दोर सोडवला. “चला रे,” तो इतरांना म्हणाला, “सुईणबाईंना मदतनीस पाहिजेत. आणि आचाऱ्यानं आज भाकऱ्यांऐवजी साबण शिजवलाय, तेव्हा जेवणाची घाई कोणालाच नाही.”

“तुझ्या तोंडाला तोच लागतो,” सिप्रियानो म्हणाला. पण त्याच्या आवाजात नेहमीचा ठसका नव्हता.

संधिप्रकाश होता तोवर ते काम करीत राहिले. वायली दोर टाकी, एफ्राइम अधू कमरेने गुडघ्यांवर बसे, ओंजळभर दूध काढी. सिप्रियानो फुटलेल्या हातांनी ते वासराच्या पाठीवर, डोक्यावर, शेपटीखाली चोळी आणि मीठ टाकी. मिठाने त्याचे हात झोंबत होते. त्याने एकदाही हात झटकले नाहीत. एकामागून एक गाय थबकली, जीभ बाहेर काढली, चाटू लागली. एकामागून एक वासरू कासेला लागले. ओरड कमी होत होत शेवटी लुचण्याचा तेवढा आवाज उरला.

राहिली फक्त मोडशिंगी. तिला एकच शिंग. दोर पडे आणि मोडक्या बाजूने सुळकन निसटे. वायलीने पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. अखेरीस तिने त्याच्या घोड्याच्या बरगडीला असे ओरखडले की त्याने तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत माघार घेतली.

“काका, ही नाही सापडायची. अंधारात घोडा मरेल माझा.”

“राहू दे. खूप केलंस.”

एफ्राइमने दुसऱ्या गायीचे थोडे दूध बोटाने कालवडीला चाटवले आणि तिला पांघरुणात घेतले. तिची छाती पाखरासारखी थरथरत होती. बंदूक बैठकीवर तशीच होती. आपण पुन्हा या डोळ्यांवर तळहात ठेवू शकू काय, याचा तो विचार करीत राहिला, आणि आपल्याच्याने होणार नाही हे त्याला समजले. मुकादमाला नाही म्हणणे म्हणजे तांड्याबाहेर होणे; आणि अधू कमरेच्या, गोऱ्या नसलेल्या म्हाताऱ्या माणसासाठी त्या माळावर तांड्याबाहेर काही नव्हते.

त्याने उशाला टोपी घेतली. टोपीच्या आत एक फडके होते. घाम टिपण्यासाठी आहे, असे सर्वांना वाटे, आणि त्याचा उपयोगही तोच होता. पण मुळात ते त्याच्या आईच्या डोक्याला बांधायचे फडके. एफ्राइमचा जन्म टेक्सासच्या पूर्वेकडील कापसाच्या मळ्यावर, गुलामीत झाला. तो मालकाच्या गाडीच्या चाकाएवढा उंच होता तेव्हा आईला विकून दूर नेले. जाताना तिने फडके सोडून त्याच्या हातात दिले. तो ते तोंडावर घेऊन झोपत असे, कारण त्याला तिचा वास होता: चुलीच्या धुराचा आणि तिच्या केसांचा. कोणी ते धुवायला मागितले तर तो चावे. तरीही वास गेला. कोणत्या दिवशी गेला ते त्याला कधीच सांगता आले नाही. एके दिवशी त्याने फडके हुंगले आणि त्याला फक्त स्वतःचाच वास आला. पुढे स्वातंत्र्य आले, तो चालत त्या मळ्यावरून निघाला, लोकांना विचारत फिरला. आईचा पत्ता कोणाला ठाऊक नव्हता. फडके मात्र त्याने टोपीत ठेवले, आणि ते कधी धुतले नाही.

पूर्वेला फटफटले तेव्हा तो कालवड कडेवर घेऊन मोडशिंगीकडे पायी निघाला. लोक कॉफीचे पेले हातात घेऊन उभे राहिले. त्या गुरांपुढे पायी माणूस म्हणजे लांडग्यासारखाच. ती घोडेस्वाराला ओळखतात. मुकादमही आला.

मोडशिंगीने मान खाली घातली आणि पुढच्या पायाने माती उकरली. एफ्राइमने कालवड खाली ठेवली. गाय दोन पावले पुढे आली, हुंगली, साबणाचा वास लागताच फुरफुरली आणि शिंग फिरवले. कालवड कोलमडून पडली.

“काका, मागं या!” वायली ओरडला.

एफ्राइम मागे आला नाही. त्याने टोपी काढली. आतले फडके ओढून काढले, कालवडीजवळ गुडघे टेकले आणि तिला त्या फडक्याने पुसू लागला: डोके, मान, पाठ, शेपटीपर्यंत. आईने मुलाला पुसावे तसे, घाई न करता. गायीचा श्वास त्याच्या मानेवर येत होता. मग फडके कालवडीच्या गळ्यात सैल बांधून तो तसाच, गुडघ्यांवरच, हळूहळू मागे सरकला.

मोडशिंगी हुंगली. थांबली. पुन्हा हुंगली. तिच्या घशातून एक खोल, हलका हुंकार निघाला; गाय तो आवाज फक्त आपल्या वासरासाठी काढते. कालवड लटपटत उठली, कासेशी गेली, एक ढुशी दिली. पान्हा सुटला. तिच्या तोंडाच्या कडेने पांढरा फेस ओघळला.

गाय कालवडीची मान चाटू लागली. चाटता चाटता तिच्या जिभेला फडक्याचा खारटपणा लागला. तिने ते दातांत धरले, ओढले, गाठ सुटली, आणि ती संथपणे चघळू लागली.

“काका, ती फडकं खातेय!” वायली म्हणाला. “थांबा, मी दोर टाकतो.”

एफ्राइमने फडके सोडवायला हात पुढे केला होता. अर्ध्यावर तो थांबला.

“नको. पाजतेय ती. खाऊ दे.”

“पण कशाचं होतं ते? नवीन देतो मी तुम्हांला.”

“आईचं होतं माझ्या.”

वायलीने टोपी काढली. या खेपेला थट्टेने नव्हे. फडक्याचे शेवटचे टोक गायीच्या ओठांत दिसेनासे झाले. सिप्रियानो एफ्राइमच्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याला सांत्वन करता येत नव्हते, म्हणून तो जे नेहमी करी तेच त्याने केले.

“मी ते धुतलं नव्हतं, हे तरी कबूल कर.”

एफ्राइम हसू लागला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते साबणाचा वास येणाऱ्या बाहीला पुसले.

हायरम डॅबनी गाडीपाशी गेला. त्याने बैठकीवरची बंदूक उचलली आणि आपल्या खोगिराला अडकवली.

“ही इथं उगाच जागा अडवते,” तो कोणाकडेही न पाहता म्हणाला. “तिच्या जागी एखादं पोतं वाढव. आणि बैल जुंपा, ऊन चढलं.”

त्यानंतर ती बंदूक वासरांच्या गाडीत कधी आली नाही. एफ्राइमने आणखी काही प्रवास ती गाडी हाकली. पुढे कुंपणाच्या तारा आल्या, रेल्वे आली, कळपांच्या वाटा बंद पडल्या. तेव्हा तो उत्तरेत गुरे पाळणाऱ्या एका बाईच्या वाड्यावर गुरांच्या देखभालीला राहिला. सिप्रियानो जवळच्या गावात खाणावळ चालवू लागला. धुण्याचा दिवस आला की तो मुद्दाम निरोप पाठवी: “म्हाताऱ्याला विचारा, काही धुवायचं आहे का.” उत्तर नेहमी एकच येई, आणि ते इथे लिहिण्यासारखे नाही.

एफ्राइम टार्व्हर एका हिवाळ्यात झोपेतच गेला. त्या घरची बाई भली होती. त्याला पुरण्यापूर्वी शिंगाचे बटण लावलेला तो जुना कोट धुवून घालावा म्हणून तिने पाणी तापत ठेवले. सिप्रियानो बर्फातून चालत आला होता. त्याने तिच्या हातातून कोट हळूच काढून घेतला.

“राहू दे, बाई,” तो म्हणाला. “तिकडं त्याला कोणीतरी ओळखायचंय.”